कदर, जाण, ऋण, कृतज्ञता... मानपत्रात नेमकं काय लिहू?

खडूफळा (धागाकर्ती)

मंडळी, जरा अडलंय.

आमच्या शाळेतले शिपाईमामा या महिनाअखेर निवृत्त होताहेत. ३१ वर्षं नोकरी झाली. मानपत्राचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय, कारण मी मराठी शिकवते. पहिल्याच वाक्यात मी लिहिलं, "आपल्या प्रदीर्घ सेवेची शाळेला कदर आहे." स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तर गणिताचे सर म्हणाले, "बाई, हे मालकानं गड्याला म्हटल्यासारखं वाटतंय." ते ऐकल्यापासून मलाही तसंच वाटायला लागलं.

मग सुरू झालं. एक बाई म्हणाल्या "जाण आहे" लिहा. मुख्याध्यापिका म्हणाल्या "कृतज्ञ आहोत" भारदस्त दिसतं. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "ऋणी आहोत लिहा आणि मोकळ्या व्हा, सगळे तेच लिहितात." एका उत्साही सरांनी मोबाईलवर इंग्रजी वाक्य टाकून मराठी करून घेतलं, तर निघालं "आम्ही तुमच्या सेवेची प्रशंसा करतो". मामांना हे वाचून दाखवलं तर ते मागे वळून बघतील, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय का म्हणून.

मामा कसे आहेत ते एका प्रसंगात सांगते. दहावीचा पहिला पेपर होता. एक मुलगी हॉलतिकीट घरी विसरून आली. घर तीन किलोमीटरवर, घरी फोन नाही. मामा सायकल काढून गेले आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना शर्ट घामानं चिकटलेला अशा अवस्थेत परत आले. तिकीट शर्टाच्या आत, पोटाशी धरलेलं होतं, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. तिच्या हातात दिलं आणि लगेच जाऊन घंटेचा टोल दिला. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा.

तर या माणसाला कदर, जाण, किंमत, ऋण, आभार, कृतज्ञता यातलं काय शोभेल? आणि या शब्दांत खरंच फरक आहे का, की मीच कीस काढत बसलेय?

---

वळचण

फरक आहे आणि तुमच्या गणिताच्या सरांचा कान चांगला आहे.

'कदर' बहुतेक वेळा वरून खाली येते. दरबारानं गवयाची कदर केली, मालकानं कामाची कदर केली, सरकारला जवानांची कदर नाही. उलट बाजूनं म्हणून बघा: "मला माझ्या गुरुजींची कदर आहे." कानाला खडा लागतो. "मला विठ्ठलाची कदर आहे" म्हणाल तर वारकरी हसतील. ज्याच्या हातात काही देण्यासारखं आहे, तो कदर करतो.

'जाण' खालून वर जाते. निदान बरोबरीनं तरी. "त्यांनी आमच्यासाठी केलं त्याची आम्हाला जाण आहे" म्हणताना बोलणारा आपण घेणारे होतो हे कबूल करतो. मामांच्या बाबतीत घेणारी शाळा आहे. माझं मत जाण.

---

पातळभाजी

@वळचण, तुमची वरून-खाली थिअरी आमच्या आईला सांगून बघा. ती गेली चाळीस वर्षं आम्हा सगळ्यांना म्हणतेय, "तुम्हाला माझी कदरच नाही." आई खाली आणि आम्ही वर का?

---

वळचण

:) हा मुद्दा आहे खरा. पण बघा, तक्रार करताना दिशा राहत नाही. "कदर नाही" कुणीही कुणालाही म्हणतं. नवरा बायकोला, बायको नवऱ्याला, रिटायर झालेला मुलांना. होकारार्थी मात्र तसं होत नाही. तुम्ही आईला कधी म्हणालात का, "आई, आम्हाला तुझी कदर आहे"? म्हणालात तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल.

आणखी एक. "आम्हाला तुमची कदर आहे" या वाक्यात कौतुक बोलणाऱ्याचंच होतं. बघा, आम्ही किती गुणग्राहक! कदर आहे हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं: "त्या शाळेला माणसांची कदर आहे." स्वतःबद्दल म्हटलं की ते स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र होतं.

---

निवृत्त_लेखनिक

३४ वर्षं सरकारी पत्रं लिहिली, म्हणून दोन शब्द.

सरकारी मराठीत ग्रॅच्युइटीला 'उपदान' म्हणतात. १९७२च्या कायद्याच्या मराठी नावातही तोच शब्द आहे. आमच्या टेबलावर रोज उपदानाच्या फायली यायच्या, पण एकही निवृत्त माणूस "माझं उपदान आलं का" असं विचारत आला नाही. सगळे "ग्रॅच्युटी कधी" एवढंच विचारायचे. उपदान या शब्दात दान आहे, आणि माणसाला ते आपल्या घामाचं वाटतं. त्यामुळे तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही, असं माझं मत. कोशवाले काय म्हणतील ते म्हणोत.

मानपत्रात 'सेवा' हा शब्द जपून वापरा. सर्व्हिस या अर्थानं तो आता गुळगुळीत झालाय. 'आपण केलेले कष्ट' म्हणा. शिपायाच्या कामाला कष्ट म्हणायला आपण का लाजतो कळत नाही.

---

खडूफळा

@निवृत्त_लेखनिक, कष्ट! हे आवडलं. "कष्टांची जाण" कानाला बरोबर बसतंय. "सेवेची जाण" मला सारखं कुठेतरी टोचत होतं.

---

पाटीपेन्सिल

जाण आणि जाणीव यांची गल्लत होऊ देऊ नका, सगळीकडे तीच दिसते. "मला माझ्या चुकीची जाणीव आहे" बरोबर. चुकीची जाण कुणाला नसते. "जाणीव करून देणे" म्हणजे तर जवळजवळ दम देणे. "संगीताची जाण" म्हणजे समज, आणि "उपकारांची जाण" म्हणजे तुम्ही इथे जे म्हणताय ते. एकच शब्द समजही सांगतो आणि कृतज्ञताही.

आता गंमत बघा. कृतज्ञ म्हणजे काय? कृत अधिक ज्ञ. केलेलं जाणणारा. म्हणजे संस्कृतात जे कृतज्ञ, तेच आपल्या बोलीत "जाण ठेवणारा". मुख्याध्यापिका आणि जाणवाल्या बाई एकच गोष्ट म्हणत होत्या, एक सोवळ्यातून आणि एक घरातल्या कपड्यांत.

विरुद्ध शब्द त्याहून भारी. कृतज्ञच्या उलट 'कृत-अज्ञ' असायला हवा होता, न जाणणारा. पण झाला कृतघ्न. घ्न म्हणजे मारणारा, शत्रुघ्नातला. केलेलं विसरणारा नुसता विसराळू नाही, तो केलेल्याचा खून करतो असा हिशेब आहे.

(शाळेत मुलं 'कृतज्ञ'च्या जागी 'कृतघ्न' लिहितात आणि निरोप समारंभाच्या भाषणात "आम्ही आपले कृतघ्न आहोत" म्हणून बसतात. दर दोन-तीन वर्षांनी एकदा तरी ऐकतो.)

---

खडूफळा

मागच्याच वर्षी ऐकलं. टाळ्याही पडल्या.

---

भाषाभिमानी

'कदर' वगळाच. तो अरबी शब्द आहे. आपल्याकडे मूल्य, महत्त्व, कृतज्ञता असे स्वतःचे शब्द असताना परका कशाला?

---

सुरपेटी

@भाषाभिमानी, कदर काढलीत तर किंमतही काढा, तीही अरबीतून आलेली. मेहेरबानी काढा, कष्टाचं चीज काढा, मैफलीतली दाद काढा, ही तिन्ही फारसी. मग कष्टांचं काय होईल ते तुम्हीच सांगा. 'परिश्रमांचे सार्थक'?

१९२५ साली फार्शी-मराठी कोश केला तो माधव जूलियनांनी, फारसीच्या प्राध्यापकांनी. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे ज्यांना घालवायचं त्यांची आधी नीट ओळख करून घेतली. इथे मात्र ओळख न करून घेताच शब्दांना दारातून हाकलणं चाललंय.

बरं, दादवरून. मी पेटी वाजवतो, साथीला बसतो. 'दाद' या शब्दाचा मूळ फारसी अर्थ न्याय. म्हणून कोर्टात आपण दाद मागतो, आणि कुणी ऐकून घेत नसेल तर "दाद देत नाही" म्हणतो. मैफलीत मिळते तीही तीच. गायकानं एखादी अवघड जागा घेतली, समेवर अचूक आला आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसाची मान नुसती हलली, तर तो न्याय झाला. मागून दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या तर त्या टाळ्या. गायकाला दोन्हीतला फरक बरोब्बर कळतो. मी पाहिलंय, गाताना डोळे त्या एका मानेकडे असतात.

आणि आमच्यात बंदिशीलाच 'चीज' म्हणतात. चीज म्हणजे वस्तू, मोलाची वस्तू. कष्टाचं चीज झालं म्हणजे घाम गाळला त्याची वस्तू झाली, हातात धरता येईल अशी. तुमच्या मामांच्या सायकलफेरीचं चीज झालं, ती मुलगी पेपरला बसली. चीज 'होतं', कुणी 'करावं' लागतंच असं नाही.

---

दुपारचाचहा

@सुरपेटी 'चीज होतं', हे क्रियापदावरून बघणं मस्त आहे. मी बसल्या बसल्या मांडून बघितलं.

आभार मानतो. धन्यवाद देतो. कौतुक करतो. जाण ठेवतो. बूज राखतो. ऋण फेडतो. पांग फेडतो. किंमत कळते. पारख असते. उपकार होतात, आणि मग ते स्मरतो किंवा विसरतो.

एकाचं क्रियापद दुसऱ्याला चालत नाही. "आभार देतो" म्हणून बघा, दात हलतो. धन्यवाद देऊन टाकता येतात, व्यवहार संपतो. आभार 'मानायचे' असतात, कारण त्यात भार आहे. तो आहे असं मान्य करायचं, बस. आणि जाण 'ठेवायची' असते, म्हणजे ती बोलून संपत नाही, घरात सांभाळून ठेवावी लागते. मला वाटतं खडूफळा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

---

पातळभाजी

आणि किंमत 'काढतात'. "त्यानं चारचौघांत माझी किंमत काढली." हा एकच शब्द बघा किती वळणं घेतो. किंमत आहे, किंमत नाही, किंमत कळली (म्हणजे गमावल्यावर), किंमत मोजली (म्हणजे भोगलं), किंमत काढली (म्हणजे अपमान). बाजारातून आलेला शब्द, बाजारासारखाच वागणार.

मोलाचंही तेच. मोलाचा सल्ला म्हटलं तर मान, मोलमजुरी म्हटलं तर पोटापाण्याचं, मोलकरीण म्हटलं तर आता कुणी तोंडावर म्हणतही नाही. मूल्याचंच मोल झालं. संपादकीयात मूल्य, भांडी घासायला मोल.

---

काळीमाती

मी मराठवाड्यातला, शेती करतो. ही चर्चा वाचून जरा हसू आलं, कारण आमच्याकडं यातला एकही शब्द कुणी म्हणत नाही. पण गोष्ट असते.

पोळा बघा. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैल ओढ्यावर धुऊन आणायचे. संध्याकाळी कोमट पाण्यानं खांदा शेकायचा आणि हळद नि तूप कालवून चोळायचं, जू जिथं बसतं त्या जागी. तिथलं कातडं जाड झालेलं असतं, केस गेलेले असतात. चोळताना बैल डोळे मिटतो. माझे वडील चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाला अहोजाहो. वर्षभर त्याच बैलाला शिव्या देणारा माणूस त्या संध्याकाळी त्याला आमंत्रण देतो, पाहुण्यासारखं. दुसऱ्या दिवशी जू नाही, काम नाही, पुरणपोळी.

याला तुम्ही कदर म्हणा, जाण म्हणा. आमच्यात याला पोळाच म्हणतात.

आता बैल राहिले नाहीत फारसे. आमच्याकडं ट्रॅक्टर आहे, पोळ्याला त्याला हार घालतो. पण खांदा कुठं चोळायचा ट्रॅक्टरचा?

---

वळचण

@काळीमाती, धन्यवाद 'देतो' म्हणायचं होतं, पण आता तो शब्द फार तोकडा वाटतोय.

---

म्हापशेकार

गोव्यातून. आमच्याकडे कोंकणीत आभाराला "देव बरें करूं" म्हणतात. देव तुझं बरं करो. बाजारात मासे घेतले, नीट कापून दिले, "देव बरें करूं". हिंदू म्हणतात, ख्रिस्ती म्हणतात, चर्चमध्ये म्हणतात, बसमध्ये म्हणतात. मला हा शब्द धन्यवादपेक्षा बरा वाटतो, कारण यात मी तुझं देणं लागतो वगैरे काही नाही. फेडायचं काम देवाकडे सोपवलं. हिशेब त्याच्या वहीत.

---

काळीमाती

@म्हापशेकार, मग आमचा वासुदेव तुमचाच भाऊ. तो मोरपिसांची टोपी घालून पहाटे यायचा. पायलीतून ओंजळभर ज्वारी घातली की तो माझ्या आज्जीचे आभार मानत नव्हता. गाण्यातच म्हणायचा, "दान पावलं, दान पावलं", आणि मग देवांची नावं घेत जायचा, पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला. ज्वारी त्याच्या झोळीत, पोच देवाची.

---

निवृत्त_लेखनिक

पोच! अहो, हाच तर आमच्या कारकुनी मराठीतला सगळ्यात चांगला शब्द. "आपले दि. अमुकचे पत्र मिळाले, ही पोच." काम वरपर्यंत पोचल्याचा पुरावा. त्यावरूनच लोक आता म्हणतात, "कामाची पोचपावती मिळाली." साहेबांनी पाठ थोपटली तरी पोचपावतीच. आणि "त्याला पोच नाही" म्हणजे त्याला कुठं काय करावं बोलावं हे कळत नाही. जाणीच्या जवळपासच फिरतोय हा शब्दही.

---

सातासमुद्रा

न्यू जर्सीहून. लेकीला शाळेत थँक्सगिव्हिंगच्या आधी एक तक्ता करायचा होता, घरच्या भाषेत थँक्यूला काय म्हणतात ते लिहून. मी म्हटलं 'धन्यवाद' लिही. तिनं विचारलं, "मग तू आजीला धन्यवाद का नाही म्हणत?"

काय सांगणार? आजी इथंच बसली होती, भारतातून आलेली, मटार सोलत. ती म्हणाली, "तो मला धन्यवाद म्हणाला तर मी दुसऱ्या विमानानं परत जाईन. परका झाला का तो?"

पोरगी इथं वाढलेली. टेबलावर मीठ पुढं सरकवलं तरी थँक्यू म्हणते, आणि आजीला ते पहिले पंधरा दिवस लागायचं. "माझ्याच हातचं मीठ, आणि मला थँक्यू!" मग एक दिवस मी पाहिलं, जेवण झाल्यावर आजी नातीला "अन्नदाता सुखी भव" शिकवत होती. आभार नाहीत ते, पण ताटावरून उठताना ज्यानं वाढलं त्याचं भलं चिंतायचं. लेकीनं तक्त्यावर तेच लिहिलं, देवनागरीत. 'भव'चा 'भ' काढताना दोनदा 'म' झाला.

---

दुपारचाचहा

आणि थँक्यूवर मराठीत उत्तर काय द्यायचं? हल्ली ग्राहक सेवावाले म्हणतात "आपले स्वागत आहे". कुठे स्वागत? मी तर निघालोय! आपल्याकडे "असू दे", "त्यात काय एवढं", "आभार कसले मानता, घरचंच आहे". सगळी उत्तरं एकच काम करतात, भार उतरवून ठेवायचं.

---

पातळभाजी

पण हे घरच्यांचे आभार न मानणं मला पूर्ण पटत नाही हं. त्याच्या आडोशानं बरंच खपतं. आमच्याकडे आईनं चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या, "घरच्याला कसले आभार" म्हणून कुणी काही बोललं नाही. मग ती "कदरच नाही" म्हणणार नाहीतर काय करणार? न बोलता जाण ठेवणं छान आहे, पण न बोलता जाण न ठेवणंही बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं.

---

वळचण

@पातळभाजी, याला उत्तर नाही माझ्याकडे. दाद घ्या.

---

पाटीपेन्सिल

ऋणाबद्दल कुणी बोललंच नाही अजून, आणि भाऊसाहेबांनी सुचवलेला शब्द तोच होता.

'ऋणी आहोत'मध्ये एक खोच आहे. ऋण हा फेडायचा प्रकार. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही जुनी तीन ऋणं. ती घेऊनच माणूस जन्मतो आणि यज्ञानं, अध्ययनानं, संततीनं फेडतो असा हिशेब. आता भाषणांत एक ठरलेलं वाक्य असतं, "आपल्या ऋणातून उतराई होण्याऐवजी मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो." ऐकायला गोड. सहकारी बँकेत म्हणून बघा.

उतराईवरून तुकोबा आठवतात. संतांचे उपकार काय सांगू असं म्हणून पुढे विचारतात, "काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा ॥" जीव ठेवला तरी कमीच पडतो. तिथे 'ऋणातच राहू इच्छितो' अशी ऐट नाही. फेडायची धडपड आहे आणि फिटत नाही याची तळमळ. आपण धडपड गाळून तळमळीचं वाक्य तेवढं उचललं.

आणि ऋणाच्या पलीकडे गेलं की मिंधेपण येतं. उपकार करणाऱ्यानं ते मोजून दाखवले की घेणारा मिंधा होतो. ऋणी ताठ मानेनं असता येतं, मिंधा मान खाली घालतो. ओशाळा हा त्याच गल्लीतला, थोडा मवाळ.

---

भाषाभिमानी

'कौतुक' चालेल की. शुद्ध संस्कृत.

---

पाटीपेन्सिल

शुद्ध संस्कृत, पण संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. शाबासकीचा अर्थ मराठीनं घातला. आणि कौतुक मोठ्यानं लहानाचं करायचं. नातवानं पहिलं पाऊल टाकलं, कौतुक. साठीला आलेल्या मामांचं कौतुक पंचविशीतल्या शिक्षिकेनं करायचं? हल्ली मोठ्यांचंही करतात म्हणा, पण मला ते बोचतं.

अप्रूप तर मुळीच नको. अपूर्वचं अप्रूप झालं. जे पूर्वी कधी नव्हतं त्याचं वाटतं ते. पहिल्या पावसाचं वाटतं, पहिल्या आंब्याचं वाटतं, दुसऱ्या पेटीला कमी होतं. मामा ३१ वर्षं रोज टोल देत होते, त्याचं अप्रूप कसं राहणार? तिथेच तर सगळी गोची आहे. जे रोज असतं त्याचं अप्रूप जातं, आणि किंमत ते नसल्यावर कळते. मधली सगळी वर्षं जाणीवरच भागवावी लागतात.

---

खडूफळा

मंडळी, कार्यक्रम झाला. उशीर झाला सांगायला, त्याबद्दल रागवू नका.

मजकूर असा ठरला: "मामा, आपण ३१ वर्षं या शाळेसाठी जे कष्ट उपसले, त्यांची शाळेला जाण आहे आणि राहील." कृतज्ञ, ऋणी, कदर, सगळं गाळलं. मुख्याध्यापिकांना ते जरा उघडंबोडकं वाटलं, म्हणून शेवटी एक 'कृतज्ञतापूर्वक' घालू दिला. हॉलतिकीटाचा प्रसंग पूर्ण लिहिला, तारखेसकट. ती मुलगी आता नर्स आहे, ती आली होती.

पण. कागदावरचं मानपत्र मी स्वतः तपासलं. स्टेजमागचा मोठा फ्लेक्स मात्र परस्पर छापायला गेला, आणि आला तो असा:

"आपल्या कष्टांची शाळेला जान आहे."

आठ बाय दहा फूट. न एवढा मोठा. मी मराठीची शिक्षिका, त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली उभी राहून सूत्रसंचालन केलं.

मामांना बोलायला सांगितलं. ते माईकपासून दोन हात लांब उभे राहिले, त्यामुळे मागच्यांना ऐकूच गेलं नाही. मला गेलं. एवढंच म्हणाले, "काही चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला." आभार त्यांनीही मानले नाहीत. मग खाली उतरून सवयीनं खुर्च्या गोळा करायला लागले, आम्ही हात धरून बसवलं.

---

सुरपेटी

जान :) म्हणजे फारसी आलीच शेवटी. @भाषाभिमानी, बघा.

---

पातळभाजी

खरं तर चूक म्हणता येत नाही हो. शाळेत जान त्यांच्यामुळेच होती की.

---

खडूफळा

@पातळभाजी, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती, पण गणिताच्या सरांनी "ण आणि न मध्ये फरक असतो ना बाई?" असं विचारून तीही घालवली.

फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न मामांनीच सोडवला. घडी घालून सायकलच्या कॅरिअरला बांधला. पावसाळा तोंडावर आहे, शेळ्यांच्या गोठ्यावर घालायला होईल म्हणाले. अक्षरं आतल्या बाजूला करा, असं मी सांगितलंय.